सहा लेकरांवर पीएच.डी.

विशेष शाळेतल्या शिक्षकानं पीएच.डी. करावी असं आमच्याकडं कुणी सुचवत नाही. डी.एड. स्पेशल झालं, आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा सीआरआर हा नोंदणी नंबर हातात पडला, एखाद्या अनुदानित निवासी शाळेत ऑर्डर निघाली की घरचे म्हणतात, लागली एकदाची मार्गी. मीही तशीच मार्गी लागले होते. बीड जिल्ह्यातली बौद्धिक अक्षम मुलांची निवासी शाळा, गावाच्या थोडी बाहेर, मागं कपाशीचं रान. नोकरी करता करता नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.एड. स्पेशल केलं. तिथंच थांबले असते तरी कुणाचं काही अडलं नसतं.

अडलं ते पैशांच्या धड्यावर. आमच्या शाळांत एफएसीपी नावाची तपासणी सूची भरतात. वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक असे तिचे भाग. त्यातलं ८० टक्के जमलं की मूल वरच्या गटात जातं. माझ्या वर्गातली मुलं नाणी ओळखण्यात, सुटे पैसे मोजण्यात बरोबरची खूण मिळवायची. आणि दिवाळीची सुट्टी संपवून आली की आई सांगायची, “बाई, दुकानात पाठिवलं तर नोट देऊन तसाच उभा ऱ्हातो. पुडा बी घेत न्हाई अन् पैसे बी मागं घेत न्हाई.” स्टाफरूममध्ये याचं उत्तर ठरलेलं होतं: घरचे सराव घेत नाहीत. ज्या घरातली दोन्ही माणसं पहाटे अंधारात फडात उतरतात, त्यांनी सराव घ्यायचा कधी, हे कुणी विचारत नव्हतं. वर्गात येतं ते दुकानात का येत नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून बसला.

पुढं शिकायचं तर आधी एम.एड. स्पेशल पाहिजे. त्यासाठी आमच्या भागातून दोन दिशा दिसत होत्या, मुंबई नाहीतर सिकंदराबाद. मुंबईत राहायचा खर्च परवडेना. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस थेट सिकंदराबादला जाते, म्हणून तिथली एनआयईपीआयडी ही बौद्धिक अक्षमतेची राष्ट्रीय संस्था. पूर्वीची एनआयएमएच, १९८४ साली स्थापन झालेली. बिनपगारी रजा काढली आणि गेले. पदवी उस्मानिया विद्यापीठाची. निजामाच्या काळात मराठवाड्यातली पोरं शिकायला हैदराबादलाच जायची, मी काही फार नवं करत नव्हते.

तिथं एक गोष्ट कळली, ती अभ्यासक्रमात नव्हती. जी एफएसीपी मी शाळेत वर्षानुवर्षं भरत होते, ती याच संस्थेत तयार झालेली. वर्तनसमस्यांसाठी आम्ही वापरतो ती बेसिक-एमआर, तीही इथलीच, १९९२ची. तोवर माझ्या लेखी या सूच्या वरून आलेल्या होत्या, शासन निर्णयासारख्या. त्या कुणीतरी बसून, मुलं पाहून, कच्चे खर्डे करून, तपासून बनवल्या आहेत, त्यात आणखी भर घालता येते, एखादी बाब खोडताही येते, असं कधी मनात आलं नव्हतं. दुपारी ग्रंथालयात बसायचे तेव्हा वाटायचं, आपल्या प्रश्नाचं उत्तर या कपाटांत नाही आणि ते असायला पाहिजे.

नेटबद्दल, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेबद्दल थोडक्यात सांगते, कारण पोरं फोनवर हेच आधी विचारतात. विशेष शिक्षणाचा वेगळा पेपर नाही. शिक्षणशास्त्र या विषयातूनच बसायचं. दुसऱ्या पेपरच्या अभ्यासक्रमातला शेवटचा, दहावा घटक समावेशक शिक्षणाचा आहे. तो आपल्याला घरचा वाटतो, पण उरलेले नऊ नाहीत. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, शैक्षणिक प्रशासन, संशोधन पद्धती सगळं मुळापासून करावं लागतं. मला जेआरएफ, म्हणजे नेटच्या वरच्या गुणांवर मिळणारी संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली नाही, नुसतं नेट झालं. आता २०२४पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी.चा प्रवेशही होतो, त्यामुळं विद्यापीठाची पेट ही प्रवेश परीक्षा वेगळी द्यायची कटकट बऱ्याच जणांची वाचेल. जेआरएफची रक्कम २०२३पासून महिना ३७ हजार आहे. शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या पोरांनी ती नुसती परीक्षा समजू नये, ती पाच वर्षांपर्यंतची नोकरी आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. फक्त पैसे वेळेवर येतील हे धरून घराचं भाडं ठरवू नका.

मार्गदर्शक मिळवणं हे मात्र परीक्षेपेक्षा अवघड गेलं. शिक्षणशास्त्रातल्या मान्यताप्राप्त मार्गदर्शकांच्या यादीत विशेष शिक्षणातून आलेलं माणूस शोधावं लागतं. एका सरांनी विषय ऐकून घेतला आणि सुचवलं, “त्यापेक्षा विशेष शिक्षकांच्या नोकरीतील समाधानाचा अभ्यास घ्या. प्रश्नावली वाटली की झालं.” शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात बसून मी जे प्रबंध चाळले, त्यांत असले विषय भरपूर सापडले. शिक्षकांची अभिवृत्ती, पालकांची अभिवृत्ती, मुख्याध्यापकांची अभिवृत्ती. मूल कुठंच नाही. दिव्यांग मुलांच्या नावावर किती पदव्या निघाल्या आणि त्यातल्या किती जणांनी त्या मुलांशेजारी बसून काही शिकवून पाहिलं, असा तिरकस विचार तेव्हा मनात यायचा. अजूनही येतो.

शेवटी एक मॅडम तयार झाल्या. त्यांचा विषय गणित अध्यापन. म्हणाल्या, “मला तुझ्या मुलांतलं काही कळत नाही, पण प्रश्न खरा आहे. सहमार्गदर्शक तू शोध.” सिकंदराबादच्या ओळखीतून सहमार्गदर्शक मिळाले. माझ्या मते इथंच अर्धी पीएच.डी. झाली होती. ज्यांना कळत नाही हे मान्य करायला लाज वाटत नाही असा मार्गदर्शक आणि ज्याला कळतं असा सहमार्गदर्शक, ही जोडी जमली तर घ्या, नाहीतर वर्षभर थांबा.

मग आरआरसी, म्हणजे विषयाला मंजुरी देणारी विद्यापीठाची समिती. संशोधन आराखडा घेऊन समितीपुढं उभी राहिले. विषय असा: सौम्य ते मध्यम बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना दुकानातला व्यवहार टप्प्याटप्प्यानं शिकवणं आणि तो खऱ्या दुकानात उतरतो का ते पाहणं. एका ज्येष्ठ सदस्यांनी पानं उलटली, चष्मा वर केला.

“नमुना सहा? टायपिंगमध्ये शून्य राहिलंय.”

“नाही सर, सहाच मुलं आहेत.”

“मग टी टेस्ट कशावर लावणार?”

टी टेस्ट गटांच्या सरासरीतला फरक तपासते, माझ्याकडं गटच नव्हते. मी आलेख काढून दाखवले. मल्टिपल बेसलाइन म्हणतात तो आराखडा. यात मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी नसते, त्याची स्वतःशीच असते. आधी काही दिवस काहीच न शिकवता नुसती नोंद घ्यायची. मग पहिल्या लेकराला शिकवायला सुरुवात करायची, तेव्हा बाकीच्यांची नोंदच चालू ठेवायची. पहिल्याचा आलेख चढला आणि बाकीच्यांचा जागेवर राहिला, तर चढ शिकवण्यामुळं आला असं म्हणायला जागा होते. मग दुसऱ्याला सुरुवात, मग तिसऱ्याला. ही पद्धत १९६८पासून छापील आहे, माझ्या पोटातून आलेली नाही, हेही सांगितलं. आणि सांगितलं की माझ्या सहा मुलांत एकाला फिट्सची गोळी चालू आहे, एकीला डाउन सिंड्रोम आहे, एकाचा उजवा हात वळत नाही. यांची सरासरी काढली तर ती यांच्यापैकी कुणाचीच नसेल.

“हे दवाखान्यातलं झालं,” सर म्हणाले. “शिक्षणशास्त्रात चालत नाही.”

आराखडा परत आला. मॅडमनी त्या दिवशी कँटीनमध्ये चहा पाजला आणि एकच गोष्ट सांगितली: त्यांना पटवायचं असेल तर त्यांच्या भाषेत आकडे दे. मग मी संशोधन पद्धतीचं प्रकरण पुन्हा लिहिलं. अशा आराखड्यात परिणाम किमान तीन वेळा वेगवेगळ्या वेळी दिसावा लागतो, प्रत्येक टप्प्यात निदान पाच नोंदी हव्यात, हे निकष मांडले. एखादी अध्यापनपद्धती सिद्ध मानायची तर असे पाच अभ्यास, तीन वेगवेगळे संशोधक आणि सगळे मिळून २० सहभागी, ही २००५ साली मांडलेली कसोटी घातली. खाली लिहिलं, माझी सहा मुलं त्या विसात धरावीत. पुढच्या बैठकीत मंजुरी मिळाली. त्या सरांनी सही करताना म्हटलं, “बघू, काय निघतं ते.” त्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही. आयुष्यभर ज्यानं तीनशेच्या प्रश्नावल्या तपासल्या, त्याला सहा हा आकडा खटकणारच.

संमतीपत्रं घ्यायला गावोगाव फिरले. आमच्या फॅकल्टीत त्या वेळी नैतिकता समितीचं कुणी विचारत नव्हतं, पण सहमार्गदर्शक ऐकेनात. पालकाची संमती वेगळी आणि मुलाची मर्जी वेगळी, दोन्ही पाहिजेत. मूल त्या दिवशी नको म्हणालं तर नोंद घ्यायची नाही. एका आजीनं अंगठा उठवायच्या आधी विचारलं, “हे दिल्यावर निराधारचे पैसे बंद तर व्हनार न्हाईत ना?” कागदावर अंगठा मागणारी बाई म्हणजे तहसीलची, एवढंच तिला ठाऊक. संमतीपत्रातली ‘सहभाग ऐच्छिक आहे’ ही ओळ तिथं वाचून काही उपयोग नव्हता. अर्धा तास बसून, नातवाला समोर घेऊन, नाणी मांडून दाखवली. मग तीच म्हणाली, “शिकवा की. निदान माझी तंबाकू तरी आणील.”

व्यवहाराचे टप्पे पाडले होते: वस्तूचं नाव सांगणं, पैसे देणं, थांबणं, वस्तू घेणं, उरलेले पैसे परत घेणं, खिशात ठेवणं. मुलाला आपणहून जमलं नाही तर आधी नुसतं थांबायचं, मग खूण, मग बोलून, शेवटी हात धरून. शाळेत आम्ही वर्षानुवर्षं खेळण्यातल्या नोटा वापरत आलो होतो. मी पहिल्या दिवसापासून खरे पैसे घेतले. सहकारी शिक्षक व्हिडिओ पाहून स्वतंत्र नोंद करायचे, म्हणजे माझ्या डोळ्यांवर सगळं अवलंबून राहू नये. दोघांच्या नोंदी ८० टक्क्यांवर जुळाव्यात असा संकेत आहे, त्यापेक्षा बऱ्याच जास्त जुळल्या.

पहिल्या मुलाला गण्या म्हणते, खरं नाव वेगळं. वर्गातल्या दुकानात त्याचे सगळे टप्पे बिनचूक झाले तेव्हा त्याला गावातल्या किराणा दुकानात नेलं. गण्यानं बिस्किटाचा पुडा मागितला. खिशातून दहाचं नाणं काढलं, पिवळ्या कडेचं, आणि काउंटरवर ठेवलं. दुकानदारानं ते बोटानं मागं सरकवलं. “हे चालत न्हाई बाळा.” शिकवल्याप्रमाणं गण्या थांबला. थांबूनच राहिला. पुडा समोर, नाणं समोर, मागं गिऱ्हाइकांची रांग, आणि माझ्या हातात नोंदवही. पैसे दिले याच्यापुढं बरोबरची खूण करायची का? दिले तर आहेत. घेतले नाहीत ते दुकानदारानं.

दहाचं नाणं मराठवाड्यात कुठं चालतं आणि कुठं नाही, यावर वेगळा प्रबंध होईल. रिझर्व्ह बँकेनं नुकतंच, जानेवारी २०१८मध्ये, चौदाही प्रकारची दहाची नाणी वैध असल्याचं जाहीर केलं होतं. मी मोबाइलवर ते पत्रक उघडून दुकानदाराला दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, “बँकेचं बरोबर असंल मॅडम. पर माझ्याकडून फुडं कुनी घेत न्हाई.” त्याचंही खरंच होतं.

रात्री सहमार्गदर्शकांना फोन केला. ते म्हणाले, मुलानं काय केलं ते लिही, दुकानदारानं काय केलं त्याला वेगळा रकाना कर. त्या वेगळ्या रकान्यानं माझा सगळा अभ्यास वळवला. मुलाला व्यवहार येत नाही असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं किती मुलाचं आणि किती दुकानाचं, हे त्यात दिसायला लागलं. दुकानदार मुलाकडं न बघता सोबतच्या माणसाशी बोलतो. उरलेले पैसे मुलाच्या हातात न देता माझ्या हातात देतो. सुटे नाहीत म्हणून चॉकलेट देतो, आणि मुलाला वाटतं व्यवहार चुकला. मी टप्प्यांत एक वाढवला: दुकानदार नको म्हणाला तर ते नाणं खिशात ठेवून दुसरे पैसे द्यायचे. गण्याला तो शिकायला इतर सगळ्या टप्प्यांपेक्षा जास्त दिवस लागले. नको म्हटल्यावर आपण चुकलो नाही, हे त्याला आधी शिकावं लागलं.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. सहापैकी दोघांचे आईवडील कोयत्यावर जाणारे. उचल घेतलेली, मुकादम दारात. एका मुलाला वसतिगृहात ठेवून गेले. दुसरी मुलगी, तिला सुमी म्हणू, तिला मात्र लहान भावाला सांभाळायला सोबत नेलं. बौद्धिक अक्षम मुलगी कारखान्यावर कशाला न्यायची, असं शहरातल्या परिषदेत मला विचारलं गेलं. सुमी भावाला उत्तम सांभाळायची, हे त्या प्रश्नात बसत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, पाच मुलांवर कर. सहमार्गदर्शक म्हणाले, आलेखातली रेघ तुटू दे, पण मुलगी ठेव. मी पत्ता काढून कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या तळावर गेले. कोप्यांच्या रांगा, पाचटाचा वास, ट्रॅक्टरवरची गाणी. सुमीनं मला ओळखलं आणि भावाला कडेवर घेऊन थेट तळावरच्या टपरीवर नेलं. साखर मागितली, चहापत्ती मागितली, घेतली, निघाली. पैसे? टपरीवाला वहीत लिहून घेत होता. हंगाम संपला की मुकादमाच्या हिशेबातून वळते करायचे. माझ्या मूळ सहा टप्प्यांतले तीन तिथं अस्तित्वातच नव्हते. तिथं शिकवायचं असेल तर वहीत आपल्या नावावर काय लिहिलं ते तपासणं शिकवावं लागेल, आणि ते तिच्या वडिलांनाही येत नव्हतं. प्रबंधात सुमीचा आलेख मधे तुटलेला आहे. का तुटला, हे लिहायला मला जेवढी पानं लागली तेवढी बाकी कुठल्याच आलेखाला लागली नाहीत.

बाकीचं रुटीन. दर सहा महिन्यांचे प्रगती अहवाल, एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं (यूजीसीच्या २०१६च्या नियमावलीत ती सक्तीची होती, २०२२च्या नियमावलीत निबंध छापायची अट गेली), साहित्यचौर्य तपासणी, बांधणी, चलन, पुन्हा चलन. करोनामुळं वायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, ऑनलाइन झाला. बाहेरच्या परीक्षकांनी टी टेस्टचं नावही काढलं नाही. अर्धा वेळ दहाच्या नाण्यावरच बोलले.

पदवीनंतर काय, हे लोक जपून विचारतात. बी.एड. स्पेशलच्या कॉलेजांत जागा निघतात, पण आमच्या भागात बहुतेक विनाअनुदानित. एका ठिकाणी तासिका तत्त्वावर बोलावलं, हिशेब केला तर माझ्या शाळेच्या पगाराच्या निम्म्यानंही भरेना. दुसरीकडून फोन आला, “मॅडम, यायची गरज नाही, फक्त सीआरआर नंबर आणि कागदपत्रं द्या, तपासणीला एक दिवस या.” असा फोन तुम्हालाही येईल. पीएच.डी. झालेल्या विशेष शिक्षकाचा कागद बाजारात माणसापेक्षा महाग आहे. मी शाळा सोडली नाही. आमच्या शाळा शिक्षण खात्याच्या नाहीत. तेव्हा सामाजिक न्याय विभागाकडं होत्या, डिसेंबर २०२२पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाकडं आहेत, त्यामुळं पीएच.डी.चा सेवापुस्तकात काय उपयोग हे कारकुनालाही नीट सांगता येत नाही.

तरी दारं बंद आहेत असं मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१च्या निकालात सांगितल्यावर केंद्र सरकारनं २०२२मध्ये नियमित शाळांत प्राथमिकला दहा आणि त्यावरच्या वर्गांना पंधरा दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. ती पदं जसजशी भरली जातील तसतसं त्यांना शिकवणारं माणूस लागेल. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांतली अक्षमता लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, विशेष शिक्षकाचं पद असतं, तिथं लहान वयाच्या मुलांची माहिती रोज समोरून जाते आणि तिच्यावर कुणी काम करत नाही. एनसीईआरटी आणि आयसीएसएसआर (भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद) संशोधन प्रकल्पांना पैसे देतात, प्रकल्प मिळाला तर दोन पोरांना फेलो म्हणून घेता येतं. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर १९८६पासून आहे, पण तिथल्या ग्रामीण विकासाच्या अभ्यासकांशी आमच्या शाळांची अजून गाठ पडलेली नाही. ती पाडायला पाहिजे. आणि मराठीत, आमच्या लेकरांच्या बोलीत, तपासणी साधनं करण्याचं काम तर नुसतं पडून आहे.

सध्या डाएटमधल्या, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतल्या, एका अधिव्याख्यात्यासोबत आयसीएसएसआरचा प्रस्ताव लिहिते आहे. विषय ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या दिव्यांग मुलांचं शिक्षण हंगामात कुठं तुटतं हा. अभ्यासक्षेत्राच्या रकान्यात बीड लिहिलंय आणि पुढं तीन कारखान्यांचे तळ. प्रवासखर्चाचा आकडा पाहून सहकारी म्हणाला, हा कापतील. त्याखाली मी एक ओळ घातली आहे, की ही रक्कम कापली तर नोव्हेंबर ते मार्च या काळात अभ्यासाला मुलंच उरणार नाहीत.